घरघर

कुडाळच्या स्टँडसमोरचं वालावलकरांचं कोल्ड्रिंक बंद झालं
त्या आठवड्यात आम्ही हा उचलला,
साडेचार हजारांत, झाकणासकट.
टेम्पोतून उतरवायला चौघं, शिव्या द्यायला पाचवा.
पोटावर कोन चाटणारी एक मुलगी,
उन्हाने निळी पडलेली.

देवबागेत जमीन म्हणजे दोन पाण्यांमधली फट.
इकडून समुद्र खातो, तिकडून खाडी,
मधे लोखंडाची काय कथा.
पहिल्याच वर्षी खालची पट्टी पापडासारखी हातात आली.
नवऱ्याने होडीचा उरलेला रंग फासला,
म्हणून हा कमरेपर्यंत हिरवा,
नंबर तेवढा घालायचा राहिलाय.

झाकणाचं रबर गेलं, सायकलची ट्यूब चिरून लावली.
थर्मोस्टॅटची चावी हरवली, पकडीने फिरवते.
आकडे पुसलेत. कुठे थांबायचं ते हाताला कळतं,
मिठासारखं.
झाकण दबून राहावं म्हणून वर वरवंटा,
पाटा मागीलदारी एकटा.
उघडताना पायाखाली फळी, पायात रबरी चप्पल,
तरी एखाद्या दिवशी कोपरापर्यंत मुंग्या येतात,
म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला मी विसरले.

पास्कू दरवर्षी गणपतीआधी येतो.
कंप्रेसरला कान लावतो,
भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तसा.
गॅस भरतो, चहा घेतो, म्हणतो,
"वयनी, ह्येका आता घरघर लागली."
अरे, घरघर लागलेलाच आणलाय घरात,
अकरा वर्षं तू हेच सांगतोस
आणि सहाशे नेतोस.

आत बांगडे, पंचवीस-पंचवीसच्या पिशव्या.
हमीदाचा बकरीदेचा वाटा.
तळाशी यमू मेथरचा आमरस, दोन मे महिन्यांपूर्वीचा,
ती नेत नाही, मी विचारत नाही.
आणि एका वाटीत बर्फ, त्यावर एक रुपया.
घर बंद करून कुठे गेलो, परत आलो,
रुपया वर दिसला तर खायचं,
तळाला गेला असला तर पुरायचं.

वादळाच्या साली नऊ दिवस वीज नव्हती.
रुपया बघायची वेळच आली नाही, नाकाने सांगितलं.
माडांच्या मुळाशी खड्डे खणले.
त्या तीन माडांचं शहाळं जास्त गोड लागतं म्हणे.
नवरा म्हणतो.
मी पिशव्या मोजल्या होत्या.

रात्री हा घरघरतो तोवर मी मेल्यासारखी झोपते,
थांबला की टक्क जागी.
अंधारात उभी राहून मोजते.
तीन मिनिटांवर गेलं की डाव्या कुशीला, खाली,
एक थाप.
हे पास्कूने शिकवलं नाही. हे कुणीच शिकवलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात पाहुणे उतरले, पुण्याचे.
मुलगी-जावई डॉल्फिन बघायला बोटीवर गेली,
म्हातारे पडवीत राहिले, बोट लागते म्हणून.
सोलकढी दिली. अर्धी प्यायले आणि थांबले,
आतल्या आवाजाकडे कान देऊन.
"हा अजून डाव्या कुशीला थाप मागतो?"

मी म्हटलं, मागतो.

न विचारता आत आले.
फळीवर उभे राहिले, कुणी सांगितलं नव्हतं.
वरवंटा उचलून भुईवर ठेवला,
झाकण उघडलं, डोकं आत घातलं,
किती तरी वेळ.
पिशव्या पाघळतील असं ओठांवर आलं होतं.
"व्हॅनिलाचा वास गेला," ते म्हणाले.
बांगडे असतात ना, मी म्हटलं.
"गेला ते बरं झालं."

झाकण लावलं. तेवढ्यात हा गप्प झाला.
आम्ही दोघं उभे. त्यांचे ओठ हलत नव्हते,
पण मोजत होते, मला कळत होतं.
थाप कुणी मारायची, एवढाच प्रश्न होता.
मग आपणच लागला.

ते पडवीत जाऊन बसले, उरलेली सोलकढी प्यायले.
वरवंटा भुईवरच राहिला होता.
मी वर ठेवला.